नावे देणाऱ्याला नावे ठेवली

साखर म्हटली की दवाखान्यात आलेल्या माणसाला दोनच गोष्टी आठवतात, चहा आणि मधुमेह. हरिहरेश्वरला आणि आसपासच्या वाड्यांवर मी तीसहून अधिक वर्षे डॉक्टरकी केली. त्यात साखरेवरचे माझे बहुतेक बोलणे या दोन विषयांवरच झाले. चहात किती घ्यायची आणि रक्तात किती चालते, एवढे कळले की लोकांच्या लेखी साखरेचा विषय संपतो. वाचनाची आवड असलेले एखादे मास्तर तिसरी गोष्ट सांगतात, की मेंदू साखरेवर चालतो. तेही खरेच आहे. शरीराच्या वजनात मेंदूचा वाटा जेमतेम दोन टक्क्यांचा, पण शरीर जेवढे ग्लुकोज वापरते त्यातले सुमारे वीस टक्के तो एकटा फस्त करतो.

मेंदूत याखेरीज आणखी एक साखर आहे. ग्लुकोज हे चुलीतल्या लाकडासारखे, जळून जाणारे. ही दुसरी साखर घराच्या वाशासारखी जागेवर राहणारी. ती चरबीच्या लांबलचक रेणूला जोडलेली असते. मेंदूतून आणि पाठीच्या कण्यातून जाणाऱ्या तंतूंवर, विजेच्या तारेवर प्लॅस्टिकचे असावे तसे एक वेष्टण असते. त्याला मायलिन म्हणतात. ते धड असेल तर मेंदूचा हुकूम क्षणात पायाच्या बोटापर्यंत पोहोचतो. ते बिघडले तर पाय अडखळतात, जीभ जड होते, नजर मंदावते. या वेष्टणातल्या स्निग्ध पदार्थांपैकी साधारण पाचवा हिस्सा साखर जोडलेल्या चरबीचा असतो.

ही गोष्ट जगाला पहिल्यांदा ज्याने सांगितली, त्या माणसाचे नाव योहान लुडविग विल्हेल्म थुडिखुम. आज मज्जारसायनशास्त्राचा जनक म्हणून वैद्यकाच्या ग्रंथांत त्यांचा गौरवाने उल्लेख होतो. हयात असताना मात्र त्यांच्या वाट्याला टिंगल अधिक आली. मराठीत नाव देणे आणि नावे ठेवणे यांत एका अक्षराचे अंतर आहे. थुडिखुम यांनी मेंदूतल्या पदार्थांना नावे दिली आणि त्यांच्या काळातील बड्या शास्त्रज्ञांनी त्यांना नावे ठेवली. त्यांचे चरित्र थोडक्यात सांगायचे तर एवढेच आहे. परंतु त्या नावांचा धागा लंडनहून निघून आपल्या देशापर्यंत आणि शेवटी आमच्यासारख्या आडगावच्या घरापर्यंत कसा येऊन पोहोचला, हे सांगण्यासाठी आजचा लेख.

पाद्र्याचा मुलगा

थुडिखुम यांचा जन्म २७ ऑगस्ट १८२९ रोजी जर्मनीतल्या हेसे प्रांतात, ब्यूडिंगेन या लहानशा गावी झाला. वडील गेओर्ग थुडिखुम हे धर्मोपदेशक, शाळेचे मुख्याध्यापक आणि ग्रीक भाषेचे पंडित होते. सोफोक्लीझच्या नाटकांचे त्यांनी जर्मन भाषांतर केले होते. घरात पुस्तके होती, शिस्त होती आणि ग्रीक पुराणकथा मुलांच्या कानावरून जात होत्या. ही गोष्ट वाचकांनी लक्षात ठेवावी, तिचा संदर्भ पुढे येणार आहे.

मुलगा वैद्यक शिकायला गीसेनच्या विद्यापीठात गेला. त्या काळी गीसेन म्हणजे रसायनशास्त्राची पंढरी. लीबिग नावाच्या थोर रसायनशास्त्रज्ञाची प्रयोगशाळा तिथे होती आणि साऱ्या युरोपातून विद्यार्थी तिथे येत. शेतातले पीक, जनावराचे मांस, माणसाचे रक्त या सगळ्यांचे पृथक्करण करून त्यांत काय काय आहे ते पाहता येते, हा तिथला मंत्र होता. थुडिखुम डॉक्टर झाले, पण हा मंत्र त्यांनी आयुष्यभर सोडला नाही.

काळ धामधुमीचा होता. १८४८ साली युरोपभर क्रांतीचे वारे वाहिले. तरुण थुडिखुम उदारमतवाद्यांच्या बाजूचे होते. श्लेस्विग-होल्स्टाइनच्या युद्धात त्यांनी जखमी सैनिकांची शुश्रूषाही केली. १८५१ मध्ये पदवी मिळाली. नंतर विद्यापीठात नोकरीसाठी अर्ज केला, तो नाकारला गेला. राजकीय मते आड आली. मायदेशात आपले काही जमणार नाही हे ओळखून १८५३ मध्ये ते लंडनला आले. दुसऱ्याच वर्षी शार्लट द्यूप्रे यांच्याशी त्यांचे लग्न झाले आणि पुढे १८५९ मध्ये ते इंग्लंडचे नागरिक झाले.

परक्या देशात पाय रोवायला त्यांना वेळ लागला नाही. मूत्राच्या विकारांवरचा त्यांचा ग्रंथ १८५८ मध्ये आला, पित्तखड्यांवरचा १८६३ मध्ये. मूत्राला पिवळा रंग देणाऱ्या द्रव्यावरील संशोधनासाठी १८६४ मध्ये त्यांना ब्रिटिश डॉक्टरांच्या संघटनेचे सुवर्णपदक मिळाले. १८६५ मध्ये लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात नव्याने निघालेल्या रासायनिक प्रयोगशाळेची सूत्रे त्यांच्याकडे आली. शिवाय नाकाच्या विकारांवर उपचार करणारे डॉक्टर म्हणून त्यांचा जम बसला होता. ही प्रॅक्टिस त्यांनी शेवटपर्यंत सोडली नाही, कारण घर तिच्यावर चालत होते.

माणूस रसिकही होता. मेहुणे ऑगस्ट द्यूप्रे यांच्याबरोबर त्यांनी १८७२ मध्ये द्राक्षमद्यावर एक जाडजूड ग्रंथ लिहिला आणि १८९५ मध्ये, वयाच्या सहासष्टाव्या वर्षी, चक्क पाककलेवर! प्रयोगशाळेतल्या भट्टीपाशी उभा राहणारा माणूस स्वयंपाकघरातही तितक्याच गंभीरपणे उभा राहत असणार, असे मला उगाच वाटते.

एक हजार मेंदू

त्या वेळी इंग्लंडच्या प्रिव्ही कौन्सिलचे वैद्यकीय अधिकारी जॉन सायमन हे होते. सार्वजनिक आरोग्याच्या इतिहासातले हे मोठे नाव. पटकी, टायफस, जनावरांचे रोग, मांसातले जंत अशा विषयांवर सरकारी पैशाने संशोधन करवून घ्यायचे धोरण त्यांनी आखले आणि थुडिखुम यांना कामे दिली. यातूनच मेंदूचा विषय पुढे आला. टायफससारख्या तापात रोगी बरळतो, बेशुद्ध होतो, म्हणजे मेंदूत काहीतरी रासायनिक बदल होत असला पाहिजे. तो शोधून काढायचा, अशी मूळ कल्पना होती.

थुडिखुम यांना लगेच उमगले, की निरोगी मेंदू कशाचा बनला आहे हे ठाऊक नसताना आजारी मेंदूत काय बिघडले ते सांगता येणार नाही. घराचा मूळ नकाशाच नसेल तर कोणती भिंत कलली हे गवंडी तरी कसे सांगणार? म्हणून त्यांनी आधी निरोगी मेंदू हाती घेतला. काम संपवायला दीड तप लागले. त्यात माणसांचे आणि गुरांचे मिळून एक हजाराहून अधिक मेंदू त्यांच्या हाताखालून गेले. १८७१ मध्ये रुग्णालयातले काम सुटले, तेव्हा त्यांनी स्वतःच प्रयोगशाळा उभारली. सकाळी रोगी पाहायचे आणि उरलेला वेळ मेंदूला द्यायचा, असा क्रम सुरू झाला.

काम कसे चालत असेल, याची कल्पना कोकणातल्या वाचकाला सहज येईल. आमच्याकडे रातांब्याच्या बिया वाळवून त्यांचा भुगा पाण्यात उकळतात. तेल वर येते, निवले की थिजते आणि मग त्याचे मुठीत दाबून गोळे करतात. पायाच्या भेगांना लावायचे कोकमतेल ते हेच. उष्णतेने विरघळवायचे आणि थंडीने वेगळे करायचे, ही युक्ती आमच्या आज्यांना पाठ होती. थुडिखुम यांनी मुळात हेच केले, फक्त पाण्याच्या जागी गरम अल्कोहोल घेतले. मेंदूवरची आवरणे आणि रक्त काढून टाकायचे, त्याचा लगदा करायचा, गरम अल्कोहोलमध्ये मुरवायचा, गाळायचा आणि गार होऊ द्यायचा. तळाशी पांढरा साका बसे. हा साका पुन्हा विरघळवायचा, पुन्हा गार करायचा. त्यातला काही भाग ईथरमध्ये विरघळे, काही विरघळत नसे. शिशाच्या क्षाराने एक पदार्थ खाली बसे, कॅडमियमच्या क्षाराने दुसरा. असे करत करत एकेक जिन्नस सुटा होत गेला.

त्यांतल्या काही पदार्थांत फॉस्फरस होता. काहींत तो अजिबात नव्हता. फॉस्फरस नसलेल्या या पांढऱ्या पदार्थांवर सौम्य गंधकाम्ल घालून ते बराच वेळ उकळले, तेव्हा त्यांचे तुकडे पडले. एक तुकडा चरबीच्या आम्लाचा होता. दुसरा नायट्रोजन असलेला, पूर्वी कोणी न पाहिलेला. तिसरा तुकडा चक्क साखरेचा निघाला! मधुमेह्याच्या लघवीतली साखर तपासायला डॉक्टर जी तांब्याच्या क्षाराची परीक्षा वापरत, ती या तुकड्याला लागू पडली.

यक्षप्रश्नाचे नाव

१८७४ पासून हे निष्कर्ष सरकारी अहवालांतून छापले जाऊ लागले आणि १८८४ मध्ये मेंदूच्या रासायनिक घटनेवरचा त्यांचा मोठा ग्रंथ लंडनमध्ये प्रसिद्ध झाला. त्यात नव्या नावांची रांगच होती. मेंदूतल्या साखरेला त्यांनी सेरेब्रोज म्हटले आणि ही साखर अंगी असलेल्या पदार्थांना सेरेब्रोसाइड. सेफॅलिन, स्फिंगोमायलिन ही नावे त्यांचीच. साखरेबरोबर गंधकही बाळगणारे काही पदार्थ मेंदूत आहेत, हेही त्यांनी नोंदवून ठेवले.

त्या दुसऱ्या, अनोळखी तुकड्याचे बारसे त्यांनी स्फिंगोसिन या नावाने केले. स्फिंक्स ही ग्रीक पुराणातली राक्षसी. वाटसरूला अडवून कोडे घालायचे आणि उत्तर चुकले तर त्याचा जीव घ्यायचा, असा तिचा खाक्या. आपल्याकडचा तळ्याकाठचा यक्ष किंवा विक्रमाच्या पाठीवरचा वेताळ यांच्या जवळची ही मंडळी. या पदार्थाने आपल्याला इतकी कोडी घातली, की हेच नाव त्याला शोभते, असा थुडिखुम यांचा हिशेब होता. स्फिंक्सला उत्तर देणारा राजा इडिपस हा सोफोक्लीझच्या नाटकाचा नायक, आणि त्या सोफोक्लीझचे भाषांतर वडिलांनी केलेले. लहानपणी ऐकलेली गोष्ट प्रयोगशाळेत अशी उपयोगी पडली असावी, असा माझा तर्क आहे.

सेरेब्रोज हे नाव मात्र टिकले नाही. ही साखर म्हणजे दुसरेतिसरे काही नसून गॅलॅक्टोज आहे, असे १८९० च्या सुमारास इतर रसायनशास्त्रज्ञांनी दाखवून दिले. गॅलॅक्टोज आपल्या ओळखीचे आहे. दुधातल्या साखरेचा अर्धा भाग ग्लुकोजचा आणि अर्धा गॅलॅक्टोजचा असतो. तान्ह्या बाळाच्या दुधातली साखर आणि त्याच्या मेंदूच्या तारांवरच्या वेष्टणातली साखर एकच निघावी, ही निसर्गाची मोठी सुंदर योजना म्हणायची. अर्थात, हे वाचून मुलांच्या दुधात आणखी चमचाभर साखर घालू नये. शरीर आपल्याला लागणारे गॅलॅक्टोज ग्लुकोजपासून स्वतः तयार करते, आणि चमच्यातली साखर दातांखेरीज कोणाच्याच वाट्याला नीटशी जात नाही.

प्रोटॅगॉनची लढाई

एवढे मोठे काम झाल्यावर कौतुक व्हायला हवे होते. झाले उलटेच. १८६५ मध्ये ऑस्कर लीब्राइख या जर्मन शास्त्रज्ञाने मेंदूचा मुख्य घटक म्हणजे प्रोटॅगॉन नावाचा एकच एक पदार्थ आहे, असे जाहीर केले होते. एका मेंदूला एक मुख्य पदार्थ, ही कल्पना सुटसुटीत होती आणि अनेकांना आवडली होती. थुडिखुम यांनी सांगितले, की प्रोटॅगॉन नावाची वस्तूच नाही. ते मिश्रण आहे. पुन्हा पुन्हा शुद्ध करत गेले, की त्यातून फॉस्फरस असलेले आणि नसलेले पदार्थ अलग होतात.

प्रस्थापित मंडळींना हे पचले नाही. मँचेस्टरचे प्राध्यापक आर्थर गॅमगी यांनी १८७९ मध्ये प्रोटॅगॉनची बाजू पुन्हा उचलून धरली. जर्मनीत होप-झायलर यांचा शब्द शरीररसायनात प्रमाण मानला जाई, त्यांच्या वर्तुळाशीही थुडिखुम यांचे वितुष्ट होते. थुडिखुम यांचे पदार्थ म्हणजे अर्धवट शुद्ध केलेला गाळ आणि त्यांची नावे म्हणजे नुसता शब्दांचा पसारा, असा टीकेचा रोख होता. विद्यापीठात खुर्ची नाही, भोवती शिष्यांचा मेळा नाही, इंग्रजांना हा जर्मन आणि जर्मनांना हा इंग्रज. अशा माणसाची बाजू कोण घेणार?

थुडिखुम यांचा स्वभावही सरळ बसणारा नव्हता. टीकेला ते दुप्पट कडक उत्तर देत. आपले संशोधन आणि आपली उत्तरे छापता यावीत म्हणून त्यांनी रासायनिक वैद्यकाची एक वार्षिक ग्रंथमालाच काढली. १८७९ आणि १८८१ असे तिचे दोन खंड निघाले आणि ती थांबली. आजच्या कसोटीवर पाहिले तर टीकाकारांच्या म्हणण्यात थोडे तथ्यही होते. त्यांनी नाव दिलेला प्रत्येक पदार्थ शुद्ध नव्हता आणि त्या लांबलचक यादीतील पुष्कळशी नावे पुढे विस्मृतीत गेली. पण मुख्य मुद्द्यावर ते बरोबर होते आणि समोरची मोठी मंडळी चूक होती. रॉयल सोसायटीचे सदस्यत्व त्यांना कधी मिळाले नाही.

हरिहरेश्वरची समुद्राकडची प्रदक्षिणा ज्यांनी केली असेल त्यांना ठाऊक आहे, की पायऱ्या उतरून गेल्यावर खडकांवरून जाणारी वाट फक्त ओहोटीला मोकळी असते. भरतीच्या वेळी तिथे लाटांशिवाय काही दिसत नाही. वाट नाहीशी झालेली नसते, पाणी उतरायची वाट पाहावी लागते. थुडिखुम यांना तेवढा अवधी मिळाला नाही. त्यांच्या ग्रंथाची सुधारलेली जर्मन आवृत्ती १९०१ मध्ये निघाली आणि त्याच वर्षी ७ सप्टेंबरला लंडनमध्ये त्यांचे निधन झाले. वय बहात्तर. पुढे काही वर्षांतच लंडनच्याच ऑटो रोझेनहाइम आणि क्रिस्टीन टेब यांनी प्रयोगांनी सिद्ध केले, की प्रोटॅगॉन हे मिश्रणच आहे. थुडिखुम यांनी तयार करून ठेवलेले पदार्थांचे नमुने रोझेनहाइम यांच्या हाती आले, तेव्हा या माणसाने केवढे काम करून ठेवले होते ते जगाला कळू लागले. स्फिंगोसिनच्या रचनेचे कोडे तर अमेरिकेतल्या हर्बर्ट कार्टर यांनी १९४७ मध्ये सोडवले. स्फिंक्सने उत्तरासाठी साठाहून अधिक वर्षे घेतली!

एकाच शहरातले दोन डॉक्टर

या साऱ्याचा रोग्यांना काय उपयोग, असा प्रश्न चोखंदळ वाचकाच्या मनात येईल. त्याचे उत्तर लंडनमध्येच सुरू होते. थुडिखुम मेंदूचे रसायन शोधत होते त्याच काळात, १८८१ मध्ये, वॉरेन टे या डॉक्टरांनी एका तान्ह्या बाळाच्या डोळ्याच्या पडद्यावर चेरीसारखा लाल ठिपका पाहिला. ते मूल मान सावरू शकत नव्हते. १८८७ मध्ये न्यूयॉर्कच्या बर्नार्ड सॅक्स यांनी अशाच मुलांचे वर्णन केले. आज या रोगाला टे-सॅक्स म्हणतात. रोगाची खूण एका डॉक्टराला दिसली होती आणि त्याच्या रसायनाची वाट दुसऱ्या डॉक्टराने उघडली होती. दोघे एकाच शहरात राहत होते. त्यांच्या कामाचा एकमेकांशी संबंध आहे हे कळायला मात्र अर्धे शतक उलटावे लागले.

जर्मन शास्त्रज्ञ एर्न्स्ट क्लेंक यांनी अशा मुलांच्या मेंदूंचे पृथक्करण केले. साखरेची साखळी जोडलेल्या चरबीचा एक प्रकार त्यांत प्रमाणाबाहेर साठलेला आढळला. त्याला त्यांनी १९४२ मध्ये गँग्लिओसाइड असे नाव दिले. हळूहळू चित्र स्पष्ट झाले. मेंदूत या पदार्थांची जुळणी चालते तशी मोडणीही चालते. मोडणी करणारी एन्झाइमे असतात, प्रत्येकाचे काम ठरलेले. त्यांतले एखादे जन्मतःच नसले, की मोडायचा माल साठत जातो. नगरपालिकेची एकच घंटागाडी यायची बंद झाली तरी आठ दिवसांत गल्लीची काय दशा होते, ते आपण पाहतोच.

या कथेत आपल्या देशाचाही वाटा आहे. तामिळनाडूतील वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात डॉ. जेकब चँडी यांनी मेंदूविकारांचा विभाग उभा केला होता. तिथल्या मज्जारसायन प्रयोगशाळेत बिमल कुमार बच्छावत हे बंगालमधून आलेले शास्त्रज्ञ साखर आणि गंधक जोडलेल्या अशाच रेणूंवर काम करत होते. थुडिखुम यांनी नोंदवून ठेवलेले गंधकयुक्त पदार्थ ज्या रोगात साठतात, त्याला मेटाक्रोमॅटिक ल्यूकोडिस्ट्रॉफी असे जिभेला न झेपणारे नाव आहे. या रोगात नेमके कोणते एन्झाइम कमी पडते, हे १९६३ मध्ये ज्या शोधनिबंधाने दाखवले, त्यावर अमेरिकेच्या जेम्स ऑस्टिन यांच्यासोबत बच्छावत आणि वेल्लोरच्या त्यांच्या सहकाऱ्यांची नावे आहेत. बच्छावत १९९६ मध्ये निवर्तले. आपल्या देशात साखरेच्या रेणूंच्या अभ्यासाची पायवाट त्यांनी पाडली.

दोष कोणाचा?

हे सर्व मला पुस्तकात वाचून ठाऊक होते. त्याचा खरा अर्थ मात्र एका वाडीवरच्या घरात उमगला. त्या घराची ओळख पटेल असे काही लिहीत नाही. दीड वर्षाचा, नुकता चालायला लागलेला मुलगा वारंवार पडू लागला होता. मग चालणे थांबले, पाय कडक झाले, येत होते ते चार शब्दही गेले. मी त्याला मुंबईला धाडले. तपासण्या होऊन कागद आला तेव्हा त्यावर तेच वेल्लोरच्या निबंधातले लांबलचक नाव होते.

तोपर्यंत त्या मुलाच्या आईने काय काय ऐकून घेतले होते ते मी पाहिले होते. आमचे गाव दक्षिण काशी म्हणवते. पितरांच्या कार्यासाठी लांबलांबून माणसे इथे येतात. त्या श्रद्धेविषयी मला काही म्हणायचे नाही, दुःखात माणसाला टेकायला काहीतरी लागते. पण घरातल्या बायकांनी त्या पोरीवर ठपका ठेवला होता. गरोदरपणी ग्रहण पाळले नाही, नको ते खाल्ले, माहेरची बाधा आणली. कागद आल्यावर मी सगळ्यांना ओटीवर बसवले आणि जमेल तितक्या सोप्या भाषेत समजावले. या रोगाचा बिघाड आईकडून एक आणि वडिलांकडून एक, असे दोन्ही बाजूंनी येतो. ज्याच्यात एकच बिघडलेला वाटा असतो तो माणूस ठणठणीत असतो, त्याला काही कळतही नाही. दोघेही असे वाहक असले, तर प्रत्येक खेपेला चार शक्यतांपैकी एक शक्यता मूल आजारी असण्याची. बाईने काय खाल्ले आणि कधी बाहेर पडली, याचा त्यात काडीचाही संबंध नाही.

मुलाचे आजोबा बराच वेळ गप्प होते. मग त्यांनी विचारले, की म्हणजे आमच्या मुलाकडूनही आले का? मी होय म्हटले. ओटीवर कोणीच काही बोलले नाही. त्या दिवसापासून त्या घरात सुनेला बोल लावणे बंद झाले, असे ती स्वतःच नंतर मला म्हणाली. मूल वाचले नाही. पुढच्या खेपेस त्यांनी वेळेवर मुंबईला जाऊन गर्भाची तपासणी करून घेतली. आज त्यांची मुलगी शाळेत जाते.

त्या घरात नवरा-बायको मामे-आते भावंडे होती. आपल्याकडे मामाच्या मुलीशी लग्न करण्याची जुनी रीत आहे. नात्यातल्या दोघांकडे एकाच पूर्वजाकडून आलेला तोच बिघाड असण्याची शक्यता परक्यांपेक्षा जास्त असते. म्हणून असा विवाह ठरवताना, विशेषतः घराण्यात लहानपणी दगावलेले किंवा शिकलेले विसरत गेलेले मूल असेल, तर आधी जनुकतज्ज्ञ डॉक्टरांना विचारावे, एवढेच माझे सांगणे आहे. अमेरिकेतल्या ज्यू समाजात टे-सॅक्सचे प्रमाण मोठे होते. तिथे १९७१ पासून लग्नाळू आणि नवविवाहित तरुणांची ऐच्छिक रक्ततपासणी सुरू झाली आणि त्या समाजात हा रोग घेऊन जन्मणाऱ्या मुलांची संख्या नव्वद टक्क्यांहून अधिक घटली. औषध सापडले नव्हते. फक्त रोगाचे नेमके नाव आणि नेमकी तपासणी हाती होती.

आता औषधेही येऊ लागली आहेत. साखर-चरबीच्याच साठ्यामुळे होणाऱ्या गोशे रोगावर बाहेरून एन्झाइम देण्याचा उपचार १९९१ पासून आहे. त्या वाडीवरच्या मुलाला झालेल्या रोगावर जनुकोपचार निघाला असून, युरोपात २०२० मध्ये आणि अमेरिकेत २०२४ मध्ये त्याला मान्यता मिळाली. अमेरिकेत त्याची किंमत साडेबेचाळीस लाख डॉलर ठेवली गेली, आणि तो मुख्यतः लक्षणे दिसण्यापूर्वीच लागू पडतो. सामान्य घराला हा आकडा उच्चारणेही अवघड. आपल्या सरकारने २०२१ मध्ये दुर्मीळ आजारांसाठी राष्ट्रीय धोरण जाहीर केले. त्याखाली ठरलेल्या रुग्णालयांतून काही आजारांना पन्नास लाख रुपयांपर्यंत मदत मिळू शकते आणि मुंबईचे केईएम हे त्यांतले एक रुग्णालय आहे. वाट लांबची आहे, पण ती आहे.

थुडिखुम यांना यातले काहीच दिसले नाही. त्यांनी एकाही रोग्याचा मेंदू बरा केला नाही. वेडेपणाचे काही प्रकार शरीरातच तयार होणाऱ्या विषांमुळे होत असावेत, मद्याने जसा मेंदू बिघडतो तसा, असा त्यांचा अंदाज होता. मेंदूचे रसायन कळले की एक दिवस ही दुःखे टाळता येतील, अशी त्यांना आशा होती. ती आशा उराशी धरून त्यांनी आधी निरोगी मेंदूची यादी केली आणि प्रत्येक वस्तूला नाव दिले. त्या यादीला लोक हसले.

मला त्या यादीचे मोल त्या ओटीवर समजले. रोगाला नाव नसते तेव्हा घर दोषी शोधत बसते, आणि आपल्या घरांत तो दोषी बहुधा सून असते. नाव मिळाले म्हणजे दुःख कमी होत नाही. पण ते कोणा एकाच्या माथ्यावरून उतरते आणि सगळ्यांचे होते. लंडनमधल्या एका भांडकुदळ डॉक्टराने दीडशे वर्षांपूर्वी गरम अल्कोहोलच्या भांड्यात जे शोधले, त्यातून एका कोकणी पोरीला मान वर करून आपल्या घरात वावरता आले. त्यांना नावे ठेवणाऱ्यांची नावे आज कोणाला आठवत नाहीत. त्यांनी दिलेली नावे मात्र रोज कुठल्या ना कुठल्या रुग्णालयाच्या कागदावर लिहिली जातात.